माळावरचे गोल दगड : दख्खनच्या पशुपालकांच्या हंगामी वस्त्या आणि त्यांच्या खुणा

#थ्रेड #इतिहास #हिंगोली

१/
हिंगोलीचा इतिहास सांगताना तीन गोष्टी आधी येतात : औंढ्याचे नागनाथ मंदिर, नर्सीचे संत नामदेव आणि निजामाच्या फौजेची छावणी. या तिघांनाही दगड आहे, नाव आहे, कागद आहे. त्याच भूमीवर आणखी एक इतिहास घडला. चार महिन्यांसाठी घर उभारून ते सोडून जाणाऱ्या माणसांचा. त्यांच्यामागे शिलालेख नाही. उरले ते फार तर दगडांचे एक कडे आणि राखेने करडी झालेली माती.

२/
पशुपालकांच्या हंगामी निवाऱ्यांचे अवशेष हा पुरातत्त्वाचा एक स्वतंत्र विषय आहे. युरोपात त्याचा बराच अभ्यास झाला. स्कॉटलंडमधील 'शीलिंग', वेल्समधील 'हाफोद', नॉर्वेमधील 'सेटर' ही सारी डोंगरावरील उन्हाळी चराईच्या निवाऱ्यांची नावे. हिवाळा संपला की गुरे वर न्यायची, तिथेच दूध, लोणी, चीज करायचे आणि थंडी सुरू होण्यापूर्वी खाली गावात परतायचे.

३/
आल्प्स पर्वतात स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील सिल्व्हरेटा भागात झालेल्या संशोधनात लोहयुगातील अशा डोंगरी निवाऱ्याचा पाया सापडला. गुरे डोंगरावर नेण्याची ही रीत मध्ययुगीन नव्हे, तर इसवी सनापूर्वीची आहे, हे एका लहानशा दगडी चौकटीवरून सिद्ध झाले. एवढ्याशा अवशेषाचे मोल एवढे मोठे असू शकते.

४/
आपल्याकडेही ही रीत परकी नाही. हिमालयात गुज्जर-बकरवाल आणि गद्दी आजही उन्हाळ्यात उंच कुरणांवर जातात. दख्खनच्या पठारावर मात्र हे ऋतुचक्र उलटे फिरते, आणि तो उलटेपणा ध्यानात घेतल्याशिवाय इथल्या खुणा वाचता येत नाहीत.

५/
दख्खनमध्ये थंडी गुरांना मारत नाही. मारतो तो चिखल आणि पाण्याचा दुष्काळ. पावसाळ्यात नदीकाठच्या काळ्या जमिनीत पिके उभी असतात, त्यामुळे जनावरांना तिथे वाव नसतो. शिवाय ओली काळी माती खुरांना चिकटते आणि मेंढ्यांचे खूर सडू लागतात. त्या काळात मुरमाड, निचऱ्याचा, कोवळ्या गवताचा माळ हाच आसरा.

६/
सुगी झाली की चित्र पालटते. माळावरचे गवत वाळते, झरे आटतात. खाली शेतात मात्र धाटे, पाला, शेंगांचे वेल पडलेले असतात आणि नदीच्या डोहांत पाणी असते. मग कळप खाली उतरतात. म्हणजे युरोपात डोंगर उन्हाळ्याचा, तर दख्खनमध्ये तो प्रामुख्याने पावसाळ्याचा. फलटण-माणकडचे मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास कोकणात उतरतात आणि पावसापूर्वी घाटावर परततात, तेही याच न्यायाने.

७/
आता हिंगोलीचा भूगोल पाहू. उत्तरेला पैनगंगा, मधून वाहत जाऊन तिलाच मिळणारी कयाधू, दक्षिणेला पूर्णा. या नद्यांच्या मध्ये अजिंठ्याच्या रांगेचे पसरत गेलेले फाटे : सपाट माथ्याच्या बेसाल्टी टेकड्या, वर मुरमाचा पातळ थर, खाली खोल काळी जमीन. माळ आणि नदीखोरे एकमेकांपासून दिवसभराच्या वाटेवर. पशुपालकाला हवे असलेले दोन्ही ऋतू इथे शेजारी नांदतात.

८/
या टापूतील एका समाजाची नोंद अकबराच्या काळातच झालेली आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील वाशीम सरकारचे वर्णन आहे. औंढा, कळमनुरी आणि नर्सी हे आज हिंगोली जिल्ह्यात असलेले भाग त्या सरकारातच मोडत. तिथे 'हटकर' नावाचे मानी आणि सहजी न नमणारे लोक राहतात, असे तो सांगतो आणि त्यांचे बळ १,००० स्वार व ५,००० पायदळ असे नोंदवतो.

९/
पुढे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश गॅझेटियरकारांनी हटकरांना 'बारगी धनगर', म्हणजे भाला बाळगणारे मेंढपाळ, असे म्हटले आणि पैनगंगेच्या आसपासच्या डोंगरांशी त्यांचे नाते जोडले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही ही माहिती आहे. मेंढपाळाच्या हाती भाला का, याचे उत्तर सोपे आहे. ज्याची सारी संपत्ती चार पायांवर चालते, त्याला ती राखावी लागते.

१०/
हे बळ शेवटचे मोठ्या प्रमाणावर दिसले ते जानेवारी १८१९ मध्ये. हटकरांचे नायक नौसाजी यांच्या नोव्हा येथील गढीला निजामाच्या सेवेतील, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेने वेढा घातला आणि महिनाअखेरीस ती घेतली. या लढाईचे नाव त्या पलटणींच्या ध्वजावर युद्धसन्मान म्हणून कोरले गेले. हिंगोली हे त्या फौजेचे पुढे दीर्घकाळ महत्त्वाचे ठाणे राहिले.

११/
इथे इतिहासलेखनातील एक असमतोल दिसतो. पशुपालक कागदावर येतो तो लढतो तेव्हा किंवा कर देतो तेव्हा. मोगल अंमलात 'काह-चराई', मराठी अंमलात 'वनचराई', 'म्हैसपट्टी' अशा पट्ट्या होत्या. बंड आणि पट्टी यांच्या मधली शेकडो वर्षे, म्हणजे त्याचे खरे जगणे, कागदाबाहेर राहिली. ती वाचायची तर जमीनच वाचावी लागते.

१२/
जमीन काय सांगू शकते, हे पाहण्यासाठी आधी मेंढपाळांच्या तळाची रचना ध्यानात घ्यावी. फिरत्या कुटुंबांच्या समूहाला आणि त्यांच्या तळाला धनगर 'वाडा' म्हणतात. घोड्यांवर बिऱ्हाड, रात्री मेंढ्यांभोवती 'वाघूर' म्हणजे जाळी, कोकरांसाठी वेगळा आडोसा, माणसांसाठी पाल, तीन दगडांची चूल. सकाळी सारे आवरून वाडा पुढे निघतो.

१३/
शेतात बसलेल्या वाड्याची खूण उरत नाही. लेंडीखत मातीत मिसळते, पहिल्याच नांगरटीत चुलीचे दगड विखुरतात. शेतकऱ्याला तेच तर हवे असते. मेंढ्या रात्रभर शेतात बसवायच्या आणि खताच्या मोबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसा द्यायचा, हा जुना करार आहे. या कराराने काळ्या जमिनीची सुपीकता राखली. पण पुरातत्त्वासाठी पुरावा मागे ठेवला नाही.

१४/
माळावरची गोष्ट वेगळी. तिथे मुक्काम पावसाळ्यातला आणि लांब. नुसते पाल पुरत नाही. वाऱ्याला आडोसा लागतो, जमिनीतून येणारी ओल थोपवावी लागते, छपराचे कूड रोवायला दगडांचा आधार लागतो. आणि मुरमाड माळ सहसा नांगरला जात नाही. म्हणून दख्खनमधील पशुपालकांच्या वर्षचक्राचा जो अर्धा भाग टिकण्याची शक्यता आहे, तो उंचावरचा.

१५/
या प्रश्नावर दख्खनमधील सर्वांत जुना पुरावा कृष्णा-तुंगभद्रेच्या परिसरात आहे. तिथे राखेचे प्रचंड ढिगारे आहेत. शंभराहून अधिक अशा जागा ज्ञात आहेत. काही ठिकाणी ही राख इतकी तापलेली आहे की वितळून काचेसारखी झाली आहे. एकोणिसाव्या शतकात कुणी त्यांना ज्वालामुखीचे अवशेष मानले, कुणी महायुद्धानंतरच्या चितांची राख. लोककथांत ती राक्षसांची हाडे ठरली.

१६/
भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी वेगळा तर्क मांडला : हे नवाश्मयुगीन गुरांचे गोठे आहेत आणि ही राख जळालेल्या शेणाची आहे. पुढे राखेच्या रासायनिक तपासणीने त्यांना दुजोरा दिला. १९५७ मध्ये रेमंड ऑलचिन यांनी तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातील उटनूर येथे उत्खनन केले. (आदिलाबादचे उटनूर वेगळे.)

१७/
उटनूरच्या राखेखाली लाकडी खांबांच्या कुंपणाची भोके रांगेने मिळाली. आणि त्याहून विलक्षण पुरावा म्हणजे गुरांच्या खुरांचे ठसे. इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात एखाद्या ओल्या दिवशी गुरे त्या आवारात उभी राहिली, ठसे उमटले, वर राख पडली आणि ते तसेच राहिले. त्या लोकांचे नाव आज कुणालाही ठाऊक नाही. त्यांच्या गुरांची पावले मात्र मोजता येतात.

१८/
ऑलचिन यांनी १९६३ मधील आपल्या ग्रंथात असे सुचवले की शेणाचे ढीग ठरावीक काळाने, विधी म्हणून पेटवले जात असावेत, आणि होळी, दिवाळी, पोंगल यांसारख्या सणांतील अग्नीशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. काही जागा रानातील हंगामी गुरतळ होत्या आणि काही कायमच्या वस्त्या, असा भेदही त्यांनी केला.

१९/
पुढे के. पद्दय्या यांनी शोरापूर परिसरातील बुदिहाळ येथे उत्खनन केले, तेव्हा राखेच्या ढिगाशेजारीच घरे, दगडी हत्यारे घडवण्याची जागा आणि जनावरे कापण्याचे आवार मिळाले. म्हणजे राखेचा ढीग दिसला की तो निव्वळ फिरत्या लोकांचा तळ, असे म्हणता येत नाही. एकाच प्रकारच्या खुणेमागे दोन प्रकारचे जगणे असू शकते. हा धडा पुढे सर्वत्र उपयोगी पडतो.

२०/
महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ पासून तिथे अनेक हंगाम उत्खनन केले. सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० असा या वस्तीचा काळ.

२१/
आरंभीच्या काळात इनामगावात मोठी चौकोनी घरे होती, बार्लीसारखी पिके होती, पाण्यासाठी पाट काढलेला होता. इ. स. पू. १००० नंतरच्या उत्तर जोर्वे काळात चित्र बदलते. घरे लहान आणि गोल होतात, एकमेकांना खेटून उभी राहतात. शेती आक्रसते, शेळ्या-मेंढ्यांचे आणि शिकारीचे महत्त्व वाढते.

२२/
ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला : पाऊस घटला, शेती भागेना, आणि शेतकरी अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले. लहान गोल झोपडी ही हंगामी जगण्याची खूण. या मांडणीने मराठी वाचकांच्या मनातील एक समज उलटवला. भटकेपण ही प्रगतीच्या शिडीची खालची पायरी नसून संकटाला दिलेले शहाणे उत्तर असू शकते.

२३/
या मांडणीवर आक्षेपही आहेत. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावातील बालकांच्या अस्थींचा अभ्यास करून २०११ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर काळातील मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना आढळल्या; पण केवळ दुष्काळाने सारे स्पष्ट होते, हे त्यांनी मान्य केले नाही. घराचा आकार बदलला हे निश्चित. तो का बदलला, यावर चर्चा चालू आहे.

२४/
हिंगोलीच्या ईशान्येला विदर्भ. तिथे लोहयुगातील शिळावर्तुळांचा मोठा प्रदेश आहे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील उत्खननांत लोखंडी वस्तू आणि घोड्यांचे अलंकार मिळाले. घोडा मृताच्या शेजारी पुरला जाई, एवढे त्याचे मोल होते.

२५/
वर्तुळे शेकडो, पण वस्तीचे थर त्या मानाने पातळ. यावरून लॉरेन्स लेश्निक यांनी असा तर्क केला की हे दफन करणारे लोक फिरते पशुपालक असावेत. पुढे नायकुंड आणि भागीमोहारी येथे वस्त्या उजेडात आल्या. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. तेव्हा 'सारेच भटके' हे म्हणणे टिकले नाही. शेती, पशुपालन आणि लोहारकाम एकाच समाजात नांदत होते.

२६/
म्हणून माळावर दगडांचे कडे दिसले की घाई करू नये. ते दफनाचे शिळावर्तुळ असू शकते. त्यात मोठे धोंडे असतात आणि आतला भाग माती-दगडांनी भरलेला, किंचित उंचावलेला असतो. ते टेहळणीच्या चौकीचे जोते असू शकते. ते माथ्याच्या टोकाला, दूरवर दिसेल असे असते. शेत साफ करताना गोळा केलेल्या दगडांची रासही असू शकते.

२७/
मेंढपाळाचा निवारा बहुधा माथ्याच्या ऐन टोकाला नसतो. तो थोडा खाली, नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे पाठ करून, पाण्याच्या झिऱ्यापासून फार दूर नाही अशा सपाटीवर असतो. दगड हाताने उचलता येतील एवढे. आत चुलीची जागा. खापरे थोडी आणि लहान भांड्यांची. रांजण नाहीत, कारण रांजण घेऊन कुणी फिरत नाही. शेजारी मोठे, मोकळे, खुरांनी तुडवून घट्ट झालेले आवार.

२८/
डोळ्यांना न दिसणारा पुरावा त्याहून बोलका असतो. जनावरे जिथे वर्षानुवर्षे बसतात, तिथल्या मातीत फॉस्फरसचे प्रमाण वाढते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या शेणात चुन्याचे सूक्ष्म गोलक असतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. गवतातील सिलिकाचे कण उरतात. भिंत पडली, छप्पर गेले, तरी माती साक्ष देते.

२९/
ही साक्ष किती टिकते, याचे उत्तर केनियातून मिळाले. फिओना मार्शल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथल्या पशुपालकांच्या सुमारे १,५०० ते ३,७०० वर्षांपूर्वीच्या तळांची माती आजही आजूबाजूपेक्षा सुपीक आहे. त्या जागी गवत अधिक हिरवे, म्हणून हरणे तिथेच चरतात. मेंढ्या शेतात बसवणाऱ्या शेतकऱ्याला हे नवल वाटणार नाही.

३०/
दुसरी खूण देवांची. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी फिरून दाखवले की सूक्ष्म दगडी हत्यारे, उघड्यावरची देवस्थाने आणि धनगरांच्या वाटा वारंवार एकाच रेषेत येतात. १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी' या ग्रंथात ही मांडणी आहे. नदीकाठची गावे नंतरची. डोंगरउतारावरची वाट त्याआधीची, आणि देव त्या वाटेवर बसलेला.

३१/
जर्मन अभ्यासक ग्युंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. भक्ताच्या मागे चालत आलेला देव ही त्या कथांतील मध्यवर्ती कल्पना. वीरचा म्हस्कोबा मराठवाड्यातील सोनारीहून कमळाजी धनगराबरोबर आला, असे परंपरा सांगते. कथा देवाची, पण तिच्यात नोंदलेला मार्ग कळपाचा.

३२/
रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. ते मान्य केले, तर नर्सीची ओळख असलेले नामदेव ज्याचे कीर्तन करीत देशभर हिंडले, तो देवही आधी कधीतरी एखाद्या माळावरचा होता. मंदिराचा इतिहास आणि वाड्याचा इतिहास इथे वेगळे राहत नाहीत.

३३/
तिसरी खूण वीरगळ. गुरे वळवून नेणाऱ्यांशी लढताना मेलेल्या वीराच्या स्मरणशिळेवर खालच्या चौकटीत बहुधा गुरे आणि लढाई असते, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेतात, वर तो शिवलिंगासमोर बसलेला असतो. गावाच्या वेशीवर शेंदूर लागलेल्या अशा शिळेला लोक देव म्हणून पुजतात. ती मुळात एका गुराख्याच्या मरणाची नोंद असते.

३४/
हा सारा विचार केवळ जिज्ञासेचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या वनभूमीत वास्तव्य आणि तिच्यावर उपजीविका असल्याचे दाखवावे लागते. ज्याचा जगण्याचा नियमच घर सोडून पुढे जाण्याचा, त्याने ७५ वर्षांचा पुरावा आणायचा कुठून?

३५/
उत्तर त्याच कायद्याच्या नियमांत आहे. पुराव्यांच्या यादीत केवळ कागद नाहीत. पारंपरिक चराईच्या जागा, स्थानिक समाजाने बांधलेल्या रचनांचे अवशेष, विहिरी, दफनभूमी, पवित्र झाडे आणि देवस्थाने हेही पुरावे म्हणून धरता येतात. म्हणजे माळावरचे दगडांचे कडे, आटलेला झिरा आणि शेंदूर लावलेला धोंडा यांना कायद्याच्या दारात किंमत आहे.

३६/
वनाबाहेरच्या जमिनीची कथा गायरानाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार गावाच्या जनावरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सामूहिक जमिनी गावाच्या वापरासाठीच राहाव्यात असे बजावले, आणि त्याच वर्षी राज्य शासनाने गायरानाच्या अन्य वापरावर निर्बंध घालणारा निर्णय काढला.

३७/
तरीही महसुली भाषेत माळाचे नाव 'पडीक' असेच राहिले. पडीक जमिनीवर मुरूम उपसता येतो, खडी काढता येते, चर खोदता येतात. जेसीबीच्या एका फेरीत शंभर वर्षांचे आवार सपाट होते, आणि त्याची कुठे नोंदही होत नाही, कारण तिथे काही होते हेच कुणी लिहिलेले नसते. देऊळ पडले तर गाव गोळा होते. वाड्याची जागा गेली तर कुणाला कळतही नाही.

३८/
मराठवाड्याच्या पुरातत्त्वाने पैठण, तेर, भोकरदन अशा नगरांचा मोठा इतिहास उजेडात आणला. रोमपर्यंत पोहोचलेला व्यापार त्यातून कळला. त्या व्यापारासाठी लागणारे कातडे, लोकर, तूप, ओझ्याचे बैल हे सारे ज्या माळांवरून खाली उतरले, त्या माळांचा इतिहास हा त्या नगरांच्या इतिहासाचाच दुसरा अर्धा भाग आहे.

३९/
हे काम उत्खननाने सुरू होत नाही. ते चालण्याने आणि ऐकण्याने सुरू होते. पावसाळ्यात मेंढ्या कुठे बसत, वाड्याचा देव कोणता, झिऱ्याचे नाव काय, कोणत्या टेकाडाला 'गवळ्याची' किंवा 'धनगराची' म्हणतात, हे सांगणारी ज्येष्ठ माणसे आहेत तोवर ते लिहून घेता येते. जागेचे छायाचित्र, नकाशावरील स्थान, दगडांचे माप एवढे पुरेसे. दगड हलवू नयेत, खणू तर मुळीच नये. एकदा उकरलेली माती पुन्हा साक्ष देत नाही.

४०/
राजे गढ्या बांधून राहिले, संत अभंग ठेवून गेले, फौजा छावण्या ठेवून गेल्या. पशुपालकांनी जमीन जशी होती तशी, किंबहुना थोडी अधिक सुपीक करून ठेवली आणि ते पुढे गेले. त्यांच्या खुणा अंधुक आहेत, याचे कारण ते नव्हते हे नाही. त्यांनी फार काही मोडले नाही, हे आहे. पुढच्या पावसात एखाद्या माळावर गवताचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा गडद हिरवा दिसला, तर त्याखाली कुणाचा तरी वाडा असण्याची शक्यता तपासून पाहावी.